झाकणावरचा हात

"आधी हो बोल, मंग झाकन काढीन."

काकी दारात उभी राहायची ती अशी. डाव्या हातात पितळी वाटी, उजवा पंजा तिच्या झाकणावर घट्ट. आत काय आहे ते सांगणार नाही, वास घ्यायला वाव देणार नाही. तुम्ही आधी "खाते" म्हणायचं, मग ती झाकण उचलणार. एकदा झाकण उचललं की वाटी रिकामी झाल्याशिवाय पाय हलायचा नाही. तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल. नकाराला जिच्याकडे जागाच नसते, अशी.

ही गोष्ट दोन हजार तीन-चारच्या सुमाराची. माझा नवरा राहनाळच्या एका गोदामात सुपरवायझर होता आणि मी भिवंडीत एका मराठी शाळेत शिकवत होते. काकी आमची राहनाळमधली घरमालकीण. जातीनं आगरी. नवरा कधीच वारलेला, शेताचा मोठा तुकडा गोदामवाल्यांना गेलेला, त्या पैशांत बांधलेलं दोन मजली घर. तळमजल्याच्या अर्ध्या भागात ती एकटी राहायची, बाकीच्या खोल्यांत आम्ही भाडेकरू. एकुलती एक मुलगी अंबाडीला दिलेली. घरामागे भाताचं एक लहानसं खाचर मात्र तिनं न विकता राखलं होतं. "यवरा राहू दे, हाताला काम लागतं," एवढंच कारण ती सांगायची.

खोली बघायला गेलो तेव्हा तिनं आडनाव विचारलं. मी जरा सावरून बसले. आम्ही बौद्ध, आणि आडनावानंतरची शांतता मला लहानपणापासून ओळखीची होती. काकीनं आडनाव ऐकलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "जेवलीस का गो?" सुकट आणि तांदळाची भाकरी खाऊनच आम्ही खोली ठरवली.

पण काकीचा खरा जोर गरोदर बायांवर. गल्लीत कुणाला दिवस गेले की झाकण लावलेली वाटी तिकडं निघाली. जात, धर्म, गाव, भाडं दिलंय की थकलंय, काही पाहायची नाही. लूमवर काम करणाऱ्या बिहारी पोराची बायको असो, नाहीतर वरच्या मजल्यावरच्या मुकादमाची सून. त्या सुनेला सगळे शबानाभाभी म्हणायचे. ती पोटुशी असताना रमजान आला आणि तिनं हौसेनं रोजा धरला. काकी वाटी घेऊन वर गेली तर ती म्हणाली, "काकी, रोज़ा है." काकी म्हणाली, "तेरा रोजा है, पेटमें के बच्चे का किधर है?" भाभी हसली पण मानली नाही. मग काकीनं काय करावं? संध्याकाळी ती जिन्याच्या मधल्या पायरीवर वाटी घेऊन बसून राहायची, कान मशिदीकडे. अजान झाली की खजुराच्या आधी काकीचा शिरा पुढं. तो महिना तिचा तसाच गेला आणि भाभीची सासू म्हणायची की आमच्या घरात सगळ्यांत कडक रोजा काकीचा आहे.

"दोन जिवांची हाय तू. हात आकडू नको." हे तिचं दुसरं वाक्य. हे म्हणताना मात्र ती हसायची नाही. जरा रागानंच म्हणायची आणि खाणारीच्या तोंडाकडे पाहत राहायची. मला तेव्हा वाटायचं, बाईचा स्वभावच तापट.

आणखी एक गोष्ट तिच्यात होती, तिचा मेळ मला बरेच दिवस लागला नाही. सर्वपित्री अमावास्येला गावात सगळे आपापल्या पितरांना पान वाढतात. काकीही नवऱ्याचं पान छतावर ठेवायची. पण त्याशिवाय केळीची दोन लहान पानं घेऊन ती खाचराच्या बांधावरून पलीकडच्या गोदामाच्या भिंतीपाशी जायची. त्या दोन पानांवर वाढलेलं मी पाहिलंय. भात, वरण, तुपाची धार, गुळाच्या पोळ्या, वड्यांचा ढीग. पान दिसू नये इतकं. ती दोन पानं भिंतीच्या कडेला ठेवून ती परत यायची आणि जगाला जेवू घालणारी ही बाई त्या दिवशी स्वतः अन्नाला शिवायची नाही. मी एकदा शबानाभाभीच्या सासूला विचारलं. ती म्हणाली, "पूछना मत, बेटी." म्हणून मी विचारलं नाही.

मग मला दिवस गेले.

माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली. सासर दूर जळगावकडे. त्यामुळे माझं माहेर, सासर, डोहाळे, सगळं काकीनं एकटीनं अंगावर घेतलं. सकाळी शाळेला निघताना तांदळाची पेज, दुपारी आल्यावर भाकरी आणि मासा, संध्याकाळी गुळाचा खरवस, नाहीतर नारळाच्या रसात बुडवलेले पोळे. "हो बोल." मी हो म्हणायची. खरं सांगते, मला आवडायचं. आईवेगळ्या पोरीला कुणी असं दारात उभं राहून खाऊ घातलं की ती पोट भरलंय का ते पाहत नाही. मी छान भरले. शाळेतल्या बाई म्हणायच्या, "मुलगाच बघ, केवढं पोट आलंय." काकीला कुणी तसं म्हटलं की तिचा चेहरा उजळायचा.

सहाव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी मला ग्लुकोजचं पाणी पाजून रक्त तपासायला लावलं. आमच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, भिवंडीत लहानसा दवाखाना, आवाज कधी चढवायच्या नाहीत. रिपोर्ट पाहून म्हणाल्या, "साखर वाढलीय. गरोदरपणातला मधुमेह आहे." माझ्या वडिलांना मधुमेह होता, तेही त्यांनी लिहून घेतलं. गोड बंद, भात मोजका, थोडं थोडं पण वेळेवर खायचं, जेवून चालायचं, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त. घाबरून मी घरी आले आणि काकीला सांगितलं.

"पोटुशीला कंची साखर?" काकी म्हणाली. "साखर म्हाताऱ्यांना व्हते. तुना नजर लागली आसंल."

"काकी, रक्तात दिसलीय."

"बरा. मंग साखर बंद." ती इतक्या सहज कबूल झाली की मला नवल वाटलं. दुसऱ्या दिवशी वाटीत रव्याचा लाडू होता. मी म्हटलं, काकी, गोड? तर म्हणाली, "साखर न्हाय त्यात. गूल हाय." गूळ चालत नाही म्हटल्यावर दोन दिवस रुसून बसली आणि तिसऱ्या दिवशी भाताची भली मोठी मूद घेऊन आली. भात कुठं गोड लागतो? तिच्या हिशोबात गोड ते जिभेला कळतं, आणि जिभेला कळत नाही त्याला साखर म्हणणं म्हणजे डॉक्टरांची लबाडी.

पण पुढच्या तपासणीची तारीख जवळ आली तशी ती गंभीर झाली. तिच्या मुलीला शाळेत असताना परीक्षेच्या आधी जशी ती पहाटे उठवून बसवायची, तशी माझी तयारी सुरू झाली. दोन दिवस आधीपासून भात बंद. सकाळी कारल्याचा रस, रात्री भिजवलेल्या मेथीचं पाणी, आदल्या संध्याकाळी ताकाचा एक पेला, बस्स. डॉक्टरीणबाईंनी तर नेहमीसारखं जेवून या असं सांगितलं होतं. मी ते म्हटलंही. "नेमीसारका जेवून कोन पास व्हतं?" काकी म्हणाली. चक्कर येत असताना मी रक्त देऊन आले.

रिपोर्ट उत्तम आला. डॉक्टरीणबाई खूश झाल्या, म्हणाल्या, पथ्यावर छान चाललंय, असंच चालू ठेवा. काकीनं गल्लीभर सांगितलं, "पास झाली." आणि पास झालेल्या पोरीला बक्षीस नको का? वाटी पुन्हा भरून येऊ लागली.

आठव्या महिन्यात सोनोग्राफीला काकी माझ्याबरोबर आली. नवऱ्याची ड्युटी होती. डॉक्टरीणबाई सोनोग्राफीचा कागद बराच वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी जुना रिपोर्ट काढला आणि शेजारी ठेवला.

"बाळ दिवसांच्या मानानं मोठं दिसतंय. पोटाचा घेर जास्त आहे, पाणीही जास्त आहे. आणि साखर तर चांगली होती. हे जुळत नाही."

"मोटा हाय ना?" काकी खुर्चीत पुढं सरकली. "मंग चांगलाच हाय की. आनि साखरेचा मी बगितला. दोन दिस कारल्याचा रस दिला, जेवाया न्हाय दिला. मंग कशी वाढंल?"

तिनं हे इतक्या अभिमानानं सांगितलं की मला कुठं पाहावं कळेना. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "काकी, आम्ही परीक्षा घेत नव्हतो. रोज जेवल्यावर हिची साखर कुठवर जाते ते बघायचं होतं. उपाशी ठेवून दिलेल्या रक्तानं मला खोटं सांगितलं आणि मी ते खरं मानलं."

मग त्यांनी सगळं समजावलं. आईच्या रक्तातली जास्तीची साखर वारेतून बाळाकडे जाते. बाळ स्वतःचं इन्सुलिन जास्त बनवतं आणि ती साखर चरबी करून अंगावर चढवतं. बाळ मोठं होतं, पण ते मोठेपण ताकदीचं नसतं. खांदे रुंद झाले तर बाळंतपणात अडकतात. जन्मल्यावर आईकडची साखर एकदम थांबते आणि बाळाचं इन्सुलिन चालूच असतं, म्हणून त्याची साखर धोक्याइतकी खाली जाते. "आणि साखर फार दिवस वाढलेली राहिली, तर कधी कधी शेवटच्या दिवसांत पोटातच..." त्या माझ्याकडे बघून थांबल्या.

"पोटात काय?" काकीनं विचारलं.

"बाळाची हालचाल थांबते, काकी. क्वचित होतं. म्हणून तर लक्ष ठेवायचं."

टेबलावर एक पेपरवेट होता, त्यावर काकीनं पंजा ठेवला, वाटीच्या झाकणावर ठेवायची तसा. बाहेर नंबर लागलेल्या बायांचा आवाज येत होता.

"माजे दोन गेले," ती म्हणाली. "पोरीच्या मागचे. मोटे व्हते. पयल्या वक्ताला सुईन बोलली, यवरा मोटा पोर मी बगितला न्हाय. नख बी व्हती, जावल बी व्हता. रडला न्हाय फकस्त. चार दिस आधी हालायचा बंद झालता, पन मना वाटला, मोटा झाला, जागा न्हाय त्याला. सासू बोलली, तू हात आकडलास. शेतावर गेलीस, टायमात खाल्ला न्हायस. पोर पोटात उपाशी मेला. मंग दुसऱ्या वक्ताला मी खाल्ला. भात, गूल, तूप. वकारी आली तरी खाल्ला. तो पयल्याच्याहून मोटा व्हता."

डॉक्टरीणबाईंनी पाण्याचा ग्लास पुढं केला. काकीनं तो घेतला नाही. त्यांच्याकडे सरळ बघून तिनं विचारलं, "मंग मी खाऊन मारला का गो त्याला?"

डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठल्या, टेबलाला वळसा घालून आल्या आणि काकीच्या शेजारी बसल्या.

"नाही. तुम्ही उपाशी राहिलात म्हणून पहिला गेला नाही आणि खाल्लंत म्हणून दुसरा गेला नाही. पोटुशी असताना तुमच्या अंगाला साखर पेलत नसावी. आज मी नक्की सांगू शकत नाही, पण सगळ्या खुणा त्याच आहेत. हा आजार लाडू खाल्ल्यानं होत नाही, तो अंगातच असतो. तेव्हा कुणी रक्त तपासलं असतं तर उपाय झाला असता. कुणी तपासलं नाही. यात तुमच्या हातात काय होतं?"

मग त्यांनी काकीचंही रक्त घेतलं. तिला मधुमेह निघाला, आणि बराच जुना असावा असा.

घरी दारात रिक्षातून उतरताना काकी म्हणाली, "डाक्टरीन चांगली पोरगी हाय. मना बरा वाटावा म्हनून बोलली." त्या वर्षीच्या सर्वपित्रीला तिनं दोन पानं वाढली ती नेहमीपेक्षाही भरगच्च. भिंतीपाशी ती बराच वेळ उभी होती. तेव्हा तिनंच मला सांगितलं की त्या भिंतीखाली पूर्वी तिच्या शेताचा बांध होता आणि बांधावर एक जांभळाचं झाड, ज्याच्या मुळाशी दोन्ही पोरं पुरली होती. शेत विकलं तेव्हा झाड तोडू नका एवढंच तिनं मागितलं होतं, आणि ते कागदावर कुठंच आलं नाही.

पण माझ्या बाबतीत ती बदलली. आणि बदलली म्हणजे पार बदलली. आता वाटीत चवळीच्या शेंगा, मेथीची भाजी, उकडलेले वाल, कालवणातला मासा. नाचणीची भाकरी लहान. "अजून अर्धी द्या ना," मी म्हणायची, तर झाकण आपटून लावायची. जेवलं की मला चालायला काढायची. गोदामांच्या रस्त्यानं आम्ही दोघी, एका बाजूला ट्रक उभे, क्लीनर मुलं हसायची. काकी त्यांना सांगायची, "हसता क्या, डॉक्टर का ड्युटी है."

मला इन्सुलिन सुरू झालं होतं. बाटली ठेवायची काकीच्या फ्रिजमध्ये, कारण माझ्याकडे नव्हता. तिथं तिचे बोंबील असायचे. मी म्हणायची, या औषधाला वास लागला तर डॉक्टरीणबाई म्हणतील, राहनाळचं आहे वाटतं. लोडशेडिंग लागलं की काकी ती बाटली डब्यात घालून ओल्या वाळूतल्या माठाच्या गळ्याशी ठेवायची आणि वीज आल्यावर मगच पुन्हा फ्रिजमध्ये. सुई मी स्वतःच टोचून घ्यायची. ती माझा मोकळा हात धरून तोंड भिंतीकडे फिरवायची. आयुष्यभर मासे कापत आलेली ही बाई, पण सुई तिला बघवायची नाही.

आणि रोज एक प्रश्न. सकाळी दार उघडलं की, संध्याकाळी दिवा लावताना, कपडे वाळत घालताना. "हालतंय ना?" मी "हो" म्हटल्याशिवाय ती पुढचं काम करायची नाही. आता ही तिची वाटी होती आणि हो म्हणायची पाळी पुन्हा माझीच.

दसरा होऊन गेल्यावर एका दुपारी तिनं विचारलं आणि मला हो म्हणता येईना. सकाळपासून काहीच कळलं नव्हतं. डाव्या कुशीवर पडून पाहिलं, खाऊन पाहिलं. काकीनं माझ्या पोटावर हात ठेवला आणि तो उचलला नाही. "चल," ती म्हणाली. चप्पल घालायलाही थांबली नाही.

डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं की बाळंतपण ठाण्याला करायचं, जिथं नवजात बाळांची सोय आहे. रिक्षा कशेळीपर्यंत आली आणि अडकली. खाडीच्या पुलाच्या अलीकडे कंटेनरांची रांग, कुणी पुढं नाही, मागं नाही. काकी रिक्षातून उतरली. अनवाणी, लुगड्याचा कासोटा, पदर कमरेला. पुढच्या ट्रकच्या दारावर तिनं थाप मारली. "ए भाऊ, बाजू ले. पोरगी है मेरी, पोट में बच्चा हलता नहीं." मग पुढचा. मग त्याच्या पुढचा. एक म्हातारा सरदारजी ड्रायव्हर खाली उतरला आणि तिच्याबरोबर हात करत चालू लागला. रिक्षा त्यांच्या मागून हळूहळू सरकत राहिली. मला ती फक्त पाठमोरी दिसत होती, दोन्ही हातांनी गाड्या दूर सारत असल्यासारखी. पूल ओलांडून ती परत रिक्षात बसली तेव्हा तिच्या तळपायातून रक्त येत होतं. तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

ठाण्याला बाळाचे ठोके ऐकू आले. मंद होते, पण होते. मला लगेच आत नेलं.

मुलगी झाली. टाचेतून रक्त घेऊन तिची साखर तपासली, ती कमी आली, लगेच दूध पाजलं, पुन्हा तपासली, रात्रभर त्यांच्या नजरेखाली ठेवली. काकीनं पदराच्या गाठीत मधाची इवलीशी बाटली आणली होती. बाळ जन्मलं की मध चाटवायचा, ही तिच्या घरची रीत. नर्सनं सांगितलं, आईच्या दुधाशिवाय काही द्यायचं नाही. मला वाटलं आता वाद होणार. काकीनं गाठ सोडली, बाटली बघितली आणि गेटवरच्या वॉचमनला देऊन आली. म्हणाली, तुज्या चायमधी घाल.

सकाळी मुलीला आमच्याकडे दिलं. इन्सुलिन सुरू झाल्यानंतरच्या दिवसांत तिचं वाढणं आवरलं होतं. तीन किलोच्या जरा वर. काकीनं तिला दोन्ही पंजांवर घेतलं, तांदूळ पाखडण्याआधी सूप तोलावं तसं खालीवर केलं. आमच्या गल्लीत बाळ बघायला येणारी प्रत्येक बाई वजनाचं कौतुक करते, जड बाळ म्हणजे आईची शान. काकी माझ्याकडे वळली. तिचा चेहरा मी इतका मोकळा कधी पाहिला नव्हता.

"हलकी हाय गो," ती म्हणाली. "हलकी हाय."

त्यानंतरची काकी गल्लीला वेगळीच मिळाली. कुणाला दिवस गेले की वाटी यायची, पण झाकणावरचा हात आता वेगळं मागायचा. "आधी साखर बग, मंग झाकन काढीन." बिहारी पोरीला ती स्वतः घेऊन गेली. नवरा म्हणाला, इसको कुछ नहीं हुआ है, तर म्हणाली, "मेरे को भी कुछ नहीं हुआ था." शबानाभाभीच्या दुसऱ्या वेळी साखर निघाली. भाभी रडत बसली की माझ्याच नशिबी का. काकी तिच्या शेजारी बसून म्हणाली, डॉक्टर बोलती है, बाई का कसूर नहीं. हे वाक्य ती दुसऱ्यांना सांगायला शिकली होती. स्वतःला सांगायला तिला वेळ लागला.

स्वतःच्या गोळ्या ती पदराच्या गाठीत बांधायची आणि विसरायची. लुगड्याबरोबर धुतल्या गेलेल्या गोळ्यांवरून मी तिला कितीदा बोलले असेन. मला मात्र सोडायची नाही. बाळंतपणानंतर साखर उतरली तरी ती पुढं कधीही परत येऊ शकते, दरवर्षी तपासा, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. आम्ही पुढं कल्याणला राहायला गेलो. मुलीच्या वाढदिवसाला काकीचा फोन यायचा, पोरीचं नाव घ्यायच्या आधी प्रश्न, "साखर बगितलीस?" मी हो म्हटलं की मगच आशीर्वाद.

एका वर्षी फोन आला नाही. मी केला तर तिच्या मुलीनं उचलला. खाचरात कापणी चालली होती, आई बांधावर बसली ती उठलीच नाही, असं ती म्हणाली. हृदय बंद पडलं होतं. आम्ही गेलो तोवर सगळं उरकलं होतं. ओट्यावर पितळी वाटी पालथी घालून ठेवलेली होती आणि झाकण कुठंतरी निराळं पडलेलं. त्या वर्षी मी तपासणी उशिरा केली. विचारणारं कुणी नव्हतं म्हणून नाही म्हणत, पण उशीर झाला खरा.

काकी आठवली की मला मात्र ती बांधावरची आठवत नाही. मला आठवते ती मुलीच्या जन्मानंतरची पहिली सर्वपित्री. मुलगी अकरा-बारा महिन्यांची, माझ्या कडेवर. काकीनं केळीची दोन पानं धुतली. मी भाताचं पातेलं पुढं केलं. तिनं एका पानावर एक घास भात ठेवला, दुसऱ्यावर एक घास. वर वरणाचा थेंब. एवढंच. मी पोळ्यांचा डबा उघडत होते, तिनं मानेनंच नको म्हटलं.

आम्ही भिंतीपाशी गेलो. तिनं पानं ठेवली आणि माझ्या मुलीचा पाय हातात धरून उभी राहिली. एक कावळा लगेच उतरला.

"उपाशी न्हवते गो ते," काकी म्हणाली. माझ्याकडे न बघता, अगदी साध्या आवाजात. "माजी पोरा उपाशी न्हवती गेली."

घरी आलो. ती ओट्यावर बसली. दर वर्षी या दिवशी ती पाणीसुद्धा उशिरा घ्यायची, म्हणून मी काही विचारलं नाही. तीच म्हणाली, "भूक लागली."

मी आत जाऊन तिच्याच वाटीत भात-वरण घेतलं, झाकण ठेवलं आणि तिच्यासमोर येऊन पंजा झाकणावर दाबून धरला.

"आधी हो बोला."

"हो," काकी म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसून जेवायला बसली.